सणाचं डुक्कर, रोजचं रताळं

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात सणाचं जेवण जमिनीत शिजतं. आधी खड्डा खणायचा. आगीत तापवलेले दगड लाकडी चिमट्यांनी उचलून तळाशी रचायचे. त्यांच्यावर केळीची पानं, पानांवर रताळी, अळकुड्या, पालेभाजी आणि डुकराच्या मांसाचे मोठाले तुकडे. वरून पुन्हा पानं, थोडं पाणी, शेवटी माती. वाफ आतच कोंडते आणि काही तासांनी माती सारली की गावभर वास सुटतो. या जमिनीतल्या भट्टीला तिथे ‘मुमू’ म्हणतात.

डुक्कर मात्र रोज कापलं जात नाही. ते घरातलं धन. लग्नात वधूमूल्य म्हणून द्यायचं, भांडण मिटवताना भरपाई म्हणून द्यायचं, वर्षानुवर्षं पोसून मोठ्या मेजवानीसाठी राखायचं. मेजवानी ठरली की एकाच वेळी डझनांनी, कधी शेकड्यांनी डुकरं कापली जातात. शीतकपाट नाही, वीज नाही. मांस पाहुण्यांत वाटलं जातं, लोक ते खांद्यावरून आपापल्या वस्तीवर नेतात आणि पुढचे काही दिवस पुन्हा गरम करून खातात.

आणि मग त्या आठवड्यात एखादं मूल पोट धरून बसायचं. उलट्या, रक्ताची हगवण, पोट फुगून ढोलासारखं टणक. मोठ्यांनाही व्हायचं, पण मुलांमध्ये जास्त. टोक पिसिन या तिथल्या बोलीत याला नाव पडलं ‘पिगबेल’. बेल म्हणजे पोट. थोडक्यात, डुकरामुळे धरलेलं पोट. गावकऱ्यांचं निदान मेजवानीशी बरोबर जोडलेलं होतं. १९६० च्या दशकात गोरोका भागात काम करणाऱ्या टिम मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा कळलं की डोंगराळ भागातल्या बालमृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. शस्त्रक्रियेत पोट उघडलं की लहान आतड्याचा वरचा भाग ठिकठिकाणी काळा पडून सडलेला दिसे.

जंतू सापडला: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, त्यातला ‘सी’ प्रकार. हे जंतू डुकराच्या आतड्यात असतात, माणसाच्याही असतात, गावच्या मातीतही सापडतात. डुक्कर कापताना आतड्यातली घाण मांसाला लागणं अगदी सोपं. त्यांचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत, आणि मुमूमध्ये जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पुरेशी धग पोचतेच असं नाही. असं मांस खाल्लं की जंतू आतड्यात वाढतात आणि बीटा टॉक्सिन नावाचं विष सोडतात. आतड्याचं अस्तर मरतं ते या विषाने.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. पण ती इथे थांबवली तर एक प्रश्न सुटत नाही. डुक्कर जगभर खातात आणि स्वच्छतेची बोंब अनेक ठिकाणी असते. मग हा आजार या डोंगरांतच इतका का?

उत्तर शोधायला मेजवानीकडे नाही, रोजच्या जेवणाकडे बघावं लागलं. डोंगराळ भागाचं मुख्य अन्न म्हणजे ‘काऊकाऊ’, आपलं रताळं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे पीक काही शतकांपूर्वी न्यू गिनीत आलं आणि थंड, उंच उतारांवर असं फोफावलं की जेवण म्हणजे रताळं असंच समीकरण झालं. बाया मातीचे उंचवटे करून वेल लावतात, रोज लागतील तेवढीच खणून ‘बिलुम’ या विणलेल्या झोळीत भरून आणतात. झोळीचा पट्टा कपाळावर, ओझं पाठीवर. मोठी रताळी माणसांना, बारीक डुकरांना. प्रौढ माणूस दिवसाला दीड-दोन किलो रताळी सहज खातो. आपण एकादशीला रताळ्याचा कीस खातो, पण दुसऱ्या दिवशी ताटात वरण असतं. तिथे दुसऱ्या दिवशीही रताळंच. शंभर ग्रॅम रताळ्यात प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम.

आता आपल्या पोटात काय घडतं ते पाहू. स्वादुपिंड ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य सोडतं. प्रथिनांचे तुकडे करणं हे त्याचं काम. बीटा टॉक्सिन हेही एक प्रथिनच. म्हणजे नीट खाणाऱ्यापिणाऱ्या माणसाच्या आतड्यात हे विष आलं, तरी ट्रिप्सिन त्याचे बघता बघता तुकडे करतं. माणसाला कळतही नाही.

पण ज्याच्या जेवणात प्रथिनं महिनोन्महिने नावालाच आहेत, त्याचं शरीर ट्रिप्सिनही कमीच बनवतं. त्यात रताळ्यामध्ये ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात आणि ती शिजवल्यावरही पूर्ण नष्ट होत नाहीत. भरीला पोटातले जंत. गोल जंत स्वतः पचून जाऊ नयेत म्हणून ट्रिप्सिन रोखणारी द्रव्यं सोडतात, आणि डोंगरातल्या बहुतेक मुलांच्या पोटात जंत असायचेच. ग्रेगर लॉरेन्स आणि पीटर वॉकर यांनी १९७६ मध्ये हे सगळे धागे एकत्र आणले. एकीकडे विषाचा अचानक मोठा मारा, दुसरीकडे ते तोडणारी कात्री बोथट. पुढे गिनीपिगवरच्या प्रयोगांतही दिसलं की जंतूंच्या जोडीला ट्रिप्सिन रोखणारं अन्न दिलं, की आतडं सडतं.

मला या शोधातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं. आजाराच्या नावात डुक्कर आहे, पण आतडं उघडं पडलं ते रोजच्या तुटपुंज्या ताटामुळे. वर्षभर मांस मिळत नाही म्हणून मेजवानीत भरपूर खाल्लं जातं, आणि वर्षभर मिळत नाही म्हणूनच ते खाणं झेपत नाही. अशा मुलाला ‘अधाशासारखं खाल्लं’ म्हणून दोष देणं फार क्रूर आहे.

याला दुजोरा मिळतो तो पार वेगळ्या मुलखातून. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमार झालेल्या उत्तर जर्मनीत आतडं सडण्याचा असाच आजार पसरला होता. जर्मन लोकांनी त्याला ‘डार्मब्रांड’ म्हटलं. खाणं सुधारलं आणि तो नाहीसा झाला. १९८० च्या दशकात थायलंडमधल्या ख्मेर (कंबोडियन) निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांमध्येही तो आढळला. तिथे ना मुमू होता, ना डुकरांचे महोत्सव. कुपोषण मात्र होतं.

अख्ख्या डोंगराचा आहार रातोरात बदलता येत नाही. पण विषाविरुद्ध शरीर आधीच तयार करता येतं. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशींमागे जी युक्ती आहे, तीच इथे वापरली: विष निष्प्रभ करून टोचायचं. १९८० मध्ये डोंगराळ भागात मुलांना ही लस द्यायला सुरुवात झाली. पिगबेलसाठी रुग्णालयात येणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या एक पंचमांशाहूनही खाली आलं. ज्या प्रदेशात कित्येक गावांना आजही रस्ता नाही, जिथे आजाऱ्याला दोन बांबूंना घोंगडी बांधून तासन्‌तास खांद्यावरून खाली आणावं लागतं, तिथे टोचलेल्या सुईचं मोल किती ते वेगळं सांगायला नको. सडलेलं आतडं तेवढी वाट पाहत नाही.

लस मात्र टिकली नाही. १९९० च्या दशकात तिचं उत्पादनच बंद झालं. जगात ती लागत होती जवळजवळ एकाच देशाला, तेही गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना. एवढ्या छोट्या गरजेसाठी कारखाना चालवायला कोणी उरलं नाही. आजार पूर्ण संपला असा समज होत असतानाच, २००० नंतरही डोंगरातल्या रुग्णालयांत पिगबेलची मुलं सापडली. लस नसली तरी जंतांचं औषध आहे, शेंगदाणे आहेत, डबाबंद मासे आहेत. जिथे रस्ता आणि बाजार पोचला तिथे ताट थोडं बदललंही आहे. जिथे पोचला नाही तिथे अजूनही सकाळ-संध्याकाळ काऊकाऊ. म्हणून पोट फुगलेलं मूल समोर आलं की तिथल्या डॉक्टरने तपासायला हात लावता लावताच आईला विचारावं लागतं: गेल्या आठवड्यात तुमच्याकडे डुक्कर कापलं होतं का?