मागीलदारचा वास

पहाटे न्हाणीतली चूल पेटली की आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढायच्या आधी तिच्यावर तवा चढायचा. तव्यात तंबाखूची सुकी पानं. ती करपून काळी पडेपर्यंत काकी हलवत राहायची. घशाला झोंबणारा धूर मागीलदारभर पसरायचा. मग ती पानं हाताने चुरडून पत्र्याच्या डबीत भरली जायची. उजव्या हाताचं पहिलं बोट डबीत, तिथून दातांवर, आणि मग पायरीवर बसून थुंकत थुंकत गप्पा. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत कित्येक बायकांची सकाळ अशीच व्हायची. चहा नंतर, देवाचं नाव नंतर, आधी मशेरी.

काकीच्या तोंडात ती पहिल्यांदा गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. दाढ ठणकत होती. आजीने हिरडीवर चिमूटभर मशेरी दाबली आणि दाढ बधिर झाली. पुढच्या खेपेला दाढ दुखत नव्हती, तरी तिने मागितली. कारण मागीलदारच्या पायरीवर आजी, आई आणि शेजारच्या दोघी ओळीने बसायच्या आणि दिवसभरात बायकांना एकमेकींशी निवांत बोलायला मिळायचं ते तेवढाच वेळ. पोरीला त्या ओळीत जागा मिळाली ती डबीमुळे. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा ट्रंकेत डबी होती, आणि इथेही मागीलदारी तशीच पायरी होती.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं, की सवयीबद्दल बोलताना आपण फार लवकर ‘मनाचा निग्रह’ या शब्दावर येतो. पन्नास वर्षांची सवय म्हणजे नुसती तंबाखूची तलफ नसते. तिच्यात चुलीचा धूर, पायरीचा गारवा, आजीचा हात, शेजारणीचा आवाज एकमेकांत विणलेले असतात. मेंदू ते वेगवेगळे ठेवत नाही.

हे पहिल्यांदा काटेकोरपणे दाखवलं ते इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरशास्त्रज्ञाने. पचनसंस्थेवरच्या कामासाठी त्याला १९०४ साली नोबेल मिळालं होतं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटायची. मग त्याने अन्नाआधी लंबकाची टकटक ऐकवायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या टकटकीनेही लाळ येऊ लागली. मराठी मानसशास्त्रात याला अभिसंधान म्हणतात. काकीला पाव्हलॉव्ह ठाऊक असायचं कारण नाही, पण ती एकदा मला म्हणाली होती, “वास इलो की तोंडाक पाणी सुटता गो. मगे मन काय करतला?”

पाव्हलॉव्हने याच्या पुढचा जो भाग नोंदवला तो लोक सहसा विसरतात. टकटक होते पण अन्न येत नाही, असं पुन:पुन्हा केलं की लाळ हळूहळू थांबते. याला विलोपन म्हणतात. नाव ऐकून वाटतं की जुनी शिकवण पुसली गेली. पण कुत्र्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा टकटक ऐकवली, तर लाळ परत यायची. म्हणजे काहीच पुसलं गेलेलं नव्हतं.

हा मुद्दा पुढे मार्क बाउटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं उंदरांवर प्रयोग करून नेटका मांडला. एका पिंजऱ्यात शिकलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली, तरी उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवलं की ती जागी होते. सवयीचंही तेच. विलोपन म्हणजे नवं शिकणं. जुनं तिथेच असतं, नवं त्याच्यावर बसतं. आणि हे नवं शिकणं ज्या जागी झालं, त्या जागेला ते फार चिकटून असतं.

सहा वर्षांपूर्वी काकी डोंबिवलीला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. डबी सोबत नेली होती, पण जावयाच्या ब्लॉकमध्ये मागीलदार कुठलं? चूल नाही, धूर नाही, पायरी नाही. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट साफ होईना. मग सगळं निवळलं. निकोटिन शरीरातून काही दिवसांतच निघून जातं. तलफेचा मोठा जोर पहिल्या आठवड्यात असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. साडेतीन महिन्यांनी कोकण रेल्वेने कणकवलीला उतरली तेव्हा तिने मशेरी सोडली होती, आणि सगळ्यांना ती अभिमानाने तसं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या घरातून भाजल्याचा वास आला. काकी पायरीवर बसली होती. शेजारणीने डबी पुढे केली. पुढचं तिच्याच शब्दांत: “मुंबैत एकदाय आठवण इली नाय. हय इलंय आणि बोट आपसूकच डबीत गेला.”

घरात तिला बोलणी बसली. मीही बोलले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण तिच्यात नेमकं काय झालं होतं, ते समजायला पुरेसं संशोधन तोवर होऊन गेलेलं होतं.

व्हिएतनाम युद्धातले अमेरिकन सैनिक घ्या. तिथे हेरॉइन स्वस्त आणि मुबलक होतं. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पाहणी केली. जवळपास २० टक्के सैनिक आपल्याला तिथे व्यसन लागलं होतं असं सांगत होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या फक्त ५ टक्के जणांना ते पुन्हा जडलं. हेरॉइनचं व्यसन सुटत नाही असं मानणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे पचले नाहीत. पण जंगल, तळ, सोबती आणि ती भीती हे सगळं मागे पडलं होतं. काकीची गोष्ट याच्या उलट्या दिशेने गेली. सैनिक सवयीच्या जागेपासून दूर आले, ती सवयीच्या जागेकडे परत आली.

मेंदूत हे कुठे घडतं, याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ॲन ग्रेबिएल यांनी घेतला. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाच्या गाठी आहेत. उंदीर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या वाटेवरून खाऊपर्यंत जायला शिकत असतो, तेव्हा आधी तिथल्या पेशी वाटभर बोलत राहतात. वाट अंगवळणी पडली की त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी जोरात बोलतात, मधे शांत. सगळी कृती एका गाठोड्यात बांधली जाते. खूण दिसली की गाठोडं सुटतं आणि शेवटपर्यंत उलगडत जातं. ‘बोट आपसूक गेलं’ ही काकीची सबब नव्हती. ते वर्णन होतं, आणि अचूक होतं.

२०१२ मध्ये काइल स्मिथ आणि ग्रेबिएल यांनी याच्या पुढचा प्रयोग केला. मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका छोट्या पट्ट्यातल्या पेशी त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने काही सेकंद शांत केल्या. उंदरांची मुरलेली सवय तिथल्या तिथे थांबली. मग त्यांना नवी सवय लागली. तोच पट्टा पुन्हा शांत केल्यावर नवी सवय थांबली आणि जुनी परत आली! इतके दिवस ती आत जशीच्या तशी होती. मी हे वाचलं तेव्हा मला आमची पायरी दिसली.

मग करायचं काय? ज्या बाईने पन्नास वर्षं एकच सकाळ जगली, तिने काय करावं? मशेरीचे चटके खरे आहेत. धूर नसलेल्या तंबाखूनेही तोंडाचा कर्करोग होतो, गरोदर बाईने लावली तर मूल कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले २१.४ टक्के प्रौढ असा तंबाखू वापरताना आढळले. भाजल्याने त्यातलं विष जळून जातं हा आपल्याकडचा समज निव्वळ खोटा आहे.

वाट सापडली ती एका जखमेतून. बांगडे साफ करताना काकीचं उजवं बोट विळीवर चांगलंच कापलं. आठ दिवस चिंधी. मशेरी लावायची तर डाव्या हाताने. ती म्हणाली, हात चालत नाही आणि चवही लागत नाही. मला एकदम पॉपकॉर्न आठवले. डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांनी २०११ मध्ये सिनेमाघरात लोकांना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न खायला दिले. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी ते ताज्याइतकेच खाल्ले. आवडले नाहीत असंही सांगितलं, तरी खाल्ले. पण सवयीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा ते कमी खाऊ लागले. गाठोड्याची गाठ अडली की डोकं जागं होतं.

जखम भरेपर्यंत आम्ही घरात बदल केले. न्हाणीतली चूल पेटवायचं काम सुनेने घेतलं. दात घासायची जागा मागीलदारातून पुढच्या खळ्यात, तुळशीपाशी आली. ब्रश आणि तांब्याही तिथेच. पहाटेचा पहिला चहा लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओटीवर. गप्पा जाऊ नयेत म्हणून सुनेने शेजारच्या दोघींना चहाला तिकडेच बोलवायला सुरुवात केली. माझ्या मते सगळ्यांत मोठं काम याने केलं, कारण काकीला पहिल्यापासून हवी होती ती ओळीतली जागा. आणि एक वाक्य ठरवलं: वास आला की उठून खळ्यात जायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या अभ्यासांतून हेच दिसतं. ‘मी सोडेन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ हे वाक्य जास्त काम करतं, कारण खूण जुनीच राहते, तिला कृती नवी मिळते.

एकवीस दिवसांत सवय बदलते असं मोबाइलवर रोज वाचायला मिळतं. ते १९६० च्या सुमारास एका प्लास्टिक सर्जनने रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किती दिवस लागतात याबद्दल केलेल्या निरीक्षणातून आलं, आणि त्यातला ‘किमान’ हा शब्द वाटेत गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक साधी सवय लावायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. काकी एका लग्नघरी चुकली. घरी येऊन तिने स्वत:च सांगितलं आणि दुसऱ्या पहाटे तुळशीपाशी उभी राहिली. या वेळी कुणीही बोललं नाही. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक डबीच्या जागी लिहून ठेवावा. फोन मोफत लागतो.

गेल्या चवथीला घर चाकरमान्यांनी भरलं होतं. पहाटे आम्ही गणपतीच्या डोक्यावरची रानफळा-फुलांची माटवी बांधायला बसलो होतो, आणि वाऱ्यासरशी तोच वास आला. मी काकीकडे बघितलं. तिचं उजवं बोट ओठांपर्यंत गेलं, तिथे थांबलं. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, जसं कुणी आपल्या जुन्या घराच्या दाराकडे पाहतं. मग लुगड्याला पुसलं.

“पाणी अजून सुटता?” मी विचारलं.

“सुटता. सुटांदे,” ती म्हणाली, आणि हरणाची फुलं आणायला खळ्यातून खाली उतरली.