गोटी सोडा आणि पाच लिटरची केग

रामकुंडाकडे जाताना गोटी सोड्याची गाडी दिसली की मी अजूनही थांबतो. सोडेवाला अंगठ्याने गोटी आत ढकलतो, ‘टुक्क’ आवाज होतो आणि फेस गळ्यापर्यंत उसळतो. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. तिची खरी करामत म्हणजे तिचं बूच बाहेरून ठोकलेलं नसतं. आतला वायूच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. वायूचा जोर वाढला की बूच आणखी घट्ट बसतं.

ही बाटली नव्याने आठवली ती भाच्यामुळे. तो लीड्सला असतो आणि घरी बियर बनवतो. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरत्या बियरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना बियर बनवणं हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. केग म्हणजे बियर वायूच्या दाबाखाली साठवायचं बंद भांडं. भाच्याने फोन केला, “मामा, पाच लिटरची स्टीलची केग घेतली, पण तिची तोटी आणि व्हॉल्व्ह केगपेक्षा महाग पडतायत. तुमच्या लेथवर काही जमेल?” अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. तशीच एक केग मिळवली आणि आल्या-लिंबाच्या सरबतावर प्रयोग सुरू केले. सरबत असो वा बियर, वायूचे नियम तेच.

तो नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३मध्ये मांडला. द्रवावर एखाद्या वायूचा जितका दाब, त्या प्रमाणात तो वायू द्रवात विरघळतो. द्रव थंड असेल तर जास्त विरघळतो. बियरमध्ये लिटरमागे साधारण ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. ४ अंश तापमानाला तो टिकवायला १२ पौंड दाब पुरतो. पौंड म्हणजे टायरमध्ये हवा भरताना म्हणतात तेच. घरच्या कुकरचा दाब १५ पौंडांच्या आसपास असतो. मात्र तीच बियर ३० अंशांवर ठेवली तर ४० पौंड लागतात. म्हणून खर्चाचा विचार फ्रिजपासून सुरू करावा. द्रव थंड असेल तर बाकी सगळं सामान हलकं चालतं.

आता झाकण. १२ पौंड हा आकडा किरकोळ वाटतो, पण २० सेंटीमीटर रुंदीच्या झाकणावर तो सुमारे २६५ किलोंचा जोर लावतो. ५ सेंटीमीटरच्या झाकणावर तोच जोर सतराएक किलो. म्हणून केगचं तोंड लहान असतं, आणि म्हणूनच दुधाच्या कॅनला तोटी बसवून केग करण्याचा विचार कुणीही करू नये. शीतपेयांसाठी बनवलेल्या १९ लिटरच्या जुन्या केगा परदेशातले हौशी लोक वापरतात. त्यांचं झाकण लंबगोल असतं. ते तिरकं करून आत घालायचं आणि आतून वर ओढायचं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे लगेच समजेल. गोटीचीच ही थोरली बहीण.

भाच्याच्या केगचं झाकण आट्यांचं आहे. मी भांड्याला हात लावला नाही, फक्त झाकणाला दोन भोकं पाडली. भोक चुकलं तर झाकणच वाया जातं. एका भोकात वायू भरण्यासाठी दुचाकीच्या ट्यूबलेस टायरचा, नटाने आवळायचा व्हॉल्व्ह बसवला. त्याचं रबर झाकणाच्या आतल्या बाजूला येतं, त्यामुळे दाब वाढला की ते स्वतःच चेपून बसतं. हा व्हॉल्व्ह खाण्यापिण्यासाठी बनवलेला नाही, म्हणून तो वरच्या वायूच्या जागेतच राहायला हवा. द्रव त्याला लागता कामा नये. दुसऱ्या भोकातून तळापर्यंत जाणारी फूड ग्रेड स्टीलची नळी, वायूने ढकललेला द्रव तिच्यातूनच वर तोटीपर्यंत येतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: मग सायकलच्या पंपानेच हवा भरली तर? तोटीतून बियर येईल, गेजवर १२ पौंडही दिसतील, पण दोन दिवसांत ती मिळमिळीत होईल. हेन्रीचा नियम एकूण दाबाकडे पाहत नाही, त्या-त्या वायूच्या वाट्याच्या दाबाकडे पाहतो. हवेत कार्बन डायऑक्साइड नावालाच असतो. त्यामुळे बियरमधला वायू वरच्या मोकळ्या जागेत निघून जातो, आणि केग रिकामी होत जाईल तशी ती जागा वाढते. शिवाय हवेतला २१ टक्के ऑक्सिजन चव बिघडवतो. बियरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. त्यापेक्षा १६ ग्रॅमची छोटी कार्बन डायऑक्साइडची कुपी बरी, तीही खाद्यपदार्थांसाठीची. पाच लिटर बियर १२ पौंडांवर बाहेर ढकलायला साधारण तेवढाच वायू लागतो.

पहिल्या दिवशी मात्र पेल्यात नुसता फेस आला. तोटी थेट झाकणावर होती. १२ पौंडांवरून शून्यावर एका झटक्यात आलेला द्रव वायू धरून ठेवू शकत नाही. मग मधे दोन-अडीच मीटर लांबीची, आतून ५ मिलिमीटरची नळी गुंडाळून घातली. कसारा घाटात गाडी वळणावळणाने उतरते, तसा दाब त्या नळीच्या घर्षणात हळूहळू उतरतो. नळीही केगसोबत फ्रिजमध्येच हवी.

तांबट आळीतल्या सुबक तांब्याच्या भांड्यांवर माझा फार जीव आहे. पण सोडावॉटर आणि लिंबू दोन्ही आम्लधर्मी असतात, त्यांनी तांबं विरघळतं आणि ते पोटात गेलं तर उलट्या होतात. या कामात तांबं-पितळ द्रवाजवळ नको.

जिथे पैसे वाचवू नयेत अशा दोनच वस्तू आहेत, कुपीतला दाब हवा तेवढा उतरवणारा रेग्युलेटर आणि जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. कुपीतला दाब २५ अंशांवर सुमारे ९०० पौंडांहून जास्त असतो. ३१ अंशांच्या वर तर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्या मे महिन्यात उन्हातल्या गाडीत कुपी ठेवणं म्हणूनच धोक्याचं. मोठा सिलिंडर घेतला तर खोली हवेशीर हवी: २ किलो वायू तीन मीटर लांब-रुंद-उंच खोलीत सांडला तर हवेतलं त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर जातं, आणि तेवढं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

शेवटी साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासला. व्हॉल्व्हच्या नटापाशी एक बारीक बुडबुडा दिसला, वॉशर बदलल्यावर तो थांबला. झाकण लीड्सला पाठवलं आहे, सोबत चार जादा वॉशर आणि गुंडाळलेली नळी.