उत्तेजक आणि अवरोधक चेतापेशी: समोरची रेघ कोणाला कळते?

'अवरोधक' या नावानेच घोटाळा होतो. वाटतं, ही पेशी गप्प बसत असेल, किंवा माहिती वाहायचं काम उत्तेजक पेशींचं आणि हिचं नुसतं ब्रेक दाबायचं. पण हे नाव पडलंय ते ती पुढच्या पेशीला काय करते त्यावरून. उत्तेजक पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडून पुढचीला चेतवते, अवरोधक पेशी गाबा हे रसायन सोडून तिला आवरते. उद्दीपन आलं की स्पंद, म्हणजे विजेचे छोटे संकेत, मात्र दोघीही सोडतात. काही अवरोधक पेशी तर शेजारणींपेक्षा कितीतरी वेगाने.

मेंदूच्या बाह्यस्तरात ढोबळमानाने 80 टक्के पेशी उत्तेजक, 20 टक्के अवरोधक. मांजराच्या दृष्टिकेंद्रातली (मेंदूच्या पाहण्याच्या भागातली) एकेक पेशी ठरावीक कोनातल्या रेघेलाच जोरात प्रतिसाद देते, हे ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये दाखवलं. उंदरात दोन्ही गट वेगळे करून पाहिले, तर उत्तेजक पेशी चोखंदळ निघतात. पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या अवरोधक पेशी मात्र बहुतेक कोनांना थोडाफार प्रतिसाद देतात. उंदराच्या दृष्टिकेंद्रात वेगवेगळ्या कोनांच्या पेशी सरमिसळ बसलेल्या असतात आणि या पेशी त्या सगळ्यांकडून संकेत गोळा करतात.

मग यांना रेघ कळतच नाही? ही घाई झाली. 30 अंशाला जरा जास्त आणि 60 ला जरा कमी, एवढा फरक एका पेशीत जेमतेम दिसतो. पण अशा बऱ्याच पेशींचा प्रतिसाद एकत्र वाचला की कोन बऱ्यापैकी ओळखता येतो. शिवाय सगळ्या अवरोधक पेशी एका माळेचे मणी नाहीत. सोमॅटोस्टॅटिन हे रसायन असलेल्या अवरोधक पेशी आजूबाजूला पसरलेल्या मोठ्या चित्राला प्रतिसाद देतात आणि उत्तेजक पेशींचा जोर त्यानुसार उतरवतात.

मला सगळ्यात रंजक वाटतं ते वेळेचं गणित. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या श्रवणकेंद्रात स्वर पडला की आधी उत्तेजन पोचतं आणि काही मिलिसेकंदांत अवरोध, तोही साधारण त्याच स्वरांना. पेशीला स्पंद सोडायला तेवढीच फट मिळते, त्यामुळे स्वर नेमका कधी सुरू झाला ते नोंदलं जातं.

कोणत्या गटात माहिती जास्त, हे मोजताना दोन्हीकडून पेशी सारख्याच संख्येने घ्याव्या लागतात. 80 विरुद्ध 20 अशी तुलना केली तर उत्तेजक गट नुसत्या संख्येवरही वरचढ दिसू शकतो.