12 व्होल्टची बॅटरी 230 व्होल्टचा पंखा कशी फिरवते?
इन्व्हर्टर, बॅटरी आणि सोलर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बॅटरी न्यायला आलेल्या पालकांबरोबर दहावीतलं मूल असलं, की वरचा प्रश्न हमखास येतो. पुस्तकात त्यानं दिष्ट धारा आणि प्रत्यावर्ती धारा शिकलेली असते. आम्ही त्यांनाच डीसी आणि एसी म्हणतो. काउंटरवर उभ्याउभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. मोठ्यांनीही जरूर वाचावं, कारण व्होल्टचा नुसता आकडा पाहून केलेलं वायरिंग आम्हाला अनेकदा उकलून पुन्हा करावं लागतं.

बॅटरीचं प्लस टोक कायम प्लसच राहतं. पूर्ण भरलेली, भार नसलेली लेड-ॲसिड बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. चार्ज होताना आकडा 14 च्या आसपास जातो, उतरली की 12 च्या खाली येतो. आकडा हलला तरी दिशा तीच. हा डीसी व्होल्टेज.

घराच्या सॉकेटमध्ये तसं नसतं. न्यूट्रलच्या तुलनेत फेज एकदा प्लस होतो, एकदा मायनस, आणि असं पूर्ण आवर्तन सेकंदाला 50 वेळा होतं. मग 230 हा आकडा आला कुठून? सरासरी काढली तर प्लस-मायनस कटून शून्य येतं. लहरीचं शिखर पाहिलं तर ते 325 व्होल्टच्या जवळ असतं. पण गिझरची कॉइल दिशा पाहत नाही, ती तापते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून 325 चा वर्ग करा, लहर सतत शिखरावर नसते म्हणून त्याचं निम्मं घ्या आणि वर्गमूळ काढा. उत्तर जवळजवळ 230 येतं. याचा अर्थ, तीच कॉइल 230 व्होल्ट डीसीवर जेवढी तापेल तेवढीच या एसीवर तापते. मुलांना हे गणित एकदा कागदावर करू द्या, सूत्र पाठ करावं लागणार नाही.

एसीचा मोठा गुण म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो बदलत्या प्रवाहावरच चालतो. म्हणूनच 11,000 व्होल्टची लाइन गावातल्या डीपीवर येऊन घरापुरती खाली उतरवता येते. व्होल्टेज जास्त असलं की तेवढ्याच कामाला अँपिअर कमी लागतात आणि तारेत वीज कमी वाया जाते. मुंबईची लोकल 1925 मध्ये 1500 व्होल्ट डीसीवर सुरू झाली. आज तिच्या डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट एसी आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. तुमचा इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीची दिशा भराभर उलटसुलट करून त्याचा एसी बनवतो आणि ट्रान्सफॉर्मरनं 230 पर्यंत चढवतो. पंखा फिरतो तो असा.

पण वीज फुकट वाढत नाही. 600 वॉटचा भार 230 व्होल्टवर साधारण 2.6 अँपिअर घेतो. तोच भार 12 व्होल्टच्या बॅटरीतून निदान 50 अँपिअर ओढतो आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर 60. समजा बॅटरीच्या वायरचा रोध अवघा 0.01 ओहम आहे. 60 अँपिअरला 0.6 व्होल्ट तिथेच पडतात आणि 36 वॉट उष्णता वायरमध्ये जिरते. घरच्या 230 च्या वायरिंगमध्ये एवढाच रोध असता तर कळलंही नसतं. म्हणून बॅटरीची वायर जाड आणि आखूड हवी, टर्मिनल घट्ट हवं. 'जास्त लांब वायर द्या, बॅटरी गच्चीवर ठेवतो' असं कुणी म्हटलं, तर आम्ही नाही म्हणतो.

12 व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, त्यामुळे लोक बेफिकीर होतात. पण दोन्ही टर्मिनलला एकदम पाना टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, बॅटरी फुटूही शकते. हातातली अंगठी, कडं काढूनच काम करा.

सोलरबद्दल जरा जास्त कळकळीनं सांगतो. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही, ठिणगी ताणत राहते. पॅनेल ओळीनं जोडले की सहज काहीशे व्होल्ट डीसी होतात आणि घरचा मेन स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेलच्या तारा जिवंतच असतात. एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) तिथे लावू नका, तिथल्या एमसीबीवर डीसी आणि पुरेसे व्होल्ट छापलेले हवेत. चालू भारावर पॅनेलचे कनेक्टर ओढू नका. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची लाइन तोडणारा स्विच.

मीटर वापरताना नागमोडी रेघ म्हणजे एसी, सरळ रेघेखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. एसीच्या खुणेवर ठेवून बॅटरी मोजली तर शून्य किंवा भलताच आकडा येतो, आणि चांगली बॅटरी 'मेली' म्हणून आमच्याकडे येते. साधा मीटर साइन लहरीसाठी जुळवलेला असतो, म्हणून स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीच्या) इन्व्हर्टरचे 230 तो 255 च्या आसपास दाखवतो. असा आकडा दिसला तर इन्व्हर्टर उघडू नका. मीटर आणि इन्व्हर्टरचं मॉडेल घेऊन दुकानात या, आम्ही ट्रू आरएमएस मीटरवर, म्हणजे वरचं वर्ग-वर्गमुळाचं गणित कुठल्याही लहरीवर खरंच करणाऱ्या मीटरवर, तपासून देऊ.