नॉट (शून्यवाचक इंग्रजी शब्द)

नॉट (nought किंवा naught) : ‘काही नाही’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. यातला ‘ऑ’ लांब, तर नकारार्थी ‘नॉट’मधला (not) आखूड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि मुळातही ते एकच आहेत.

प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘नाविह्त’ असे होते. ‘ना’ म्हणजे ‘कधीच नाही’ आणि ‘विह्त’ म्हणजे वस्तू किंवा जीव. जर्मन ‘निश्ट’ आणि डच ‘नीट’ हे नकार याच कुळातले.

त्या काळी नकारासाठी क्रियापदाआधी ‘ने’ लावत. तेवढ्याने ठसका येईना, म्हणून मागे ‘नॉट’ची जोड देऊ लागले, आपण ‘मुळीच’ म्हणतो तसे. पुढे ‘ने’ गळून पडला आणि जोर देण्यापुरता आलेला शब्दच नकाराचा मालक झाला. फ्रेंचमध्ये ‘पाऊल’ या अर्थाच्या ‘पा’ने हेच केले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917मध्ये ही घडामोड मांडली. पुढे तिला ‘येस्पर्सनचे चक्र’ म्हणू लागले.

‘नॉटी’ हे विशेषण याचेच अपत्य, आणि त्याचा प्रवास अधिक रंगतदार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ होता ‘कफल्लक’. पुढे तो ‘कुचकामी’ आणि ‘दुष्ट’ असा होत गेला. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये यिर्मया या संदेष्ट्याला दिसलेल्या टोपलीतले खाण्याजोगे नसलेले अंजीरही ‘नॉटी’च आहेत. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शिया जगाला ‘नॉटी’ म्हणते, ते लाडाने नव्हे. तिला दुष्ट जग म्हणायचे आहे. खोडकर मुलांना हे विशेषण सतराव्या शतकात चिकटले.

अंकाच्या अर्थानेही हा शब्द टिकून आहे. संस्कृत ‘शून्य’, त्याचे अरबी भाषांतर ‘सिफ्र’ आणि मग इटालियन अशा वळणाने ‘झीरो’ इंग्रजीत 1600च्या आसपास पोहोचला. तरी ब्रिटनमध्ये 0.5चा उच्चार ‘नॉट पॉइंट फाइव्ह’ असा सर्रास ऐकू येतो. आपला फुल्ली-गोळा तिथे ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ आणि 2000 ते 2009 हे दशक ‘नॉटीज’. अंकासाठी ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘ओ’ येतो. अमेरिकनांना ‘ए’ पसंत.

उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, त्याचे ‘नाउट’ हे रूप आजही रोजच्या बोलण्यात आहे. ‘काही’साठी त्याचा जोडीदार ‘आउट’.