झेंडा, क्लब आणि मग चेहरा

फुटबॉलच्या गेममध्ये बंदूक नाही, रक्त नाही, मग काळजी कसली, असं अनेक पालकांना वाटतं. युरोपातल्या ‘पेगी’ वर्गीकरणानंही फिफा मालिकेतल्या गेमना ‘३ वर्षांपासून पुढे’ असा शिक्का दिला होता. मैदानावरच्या खेळापुरतं ते बरोबरच आहे. माझा आक्षेप मैदानाबाहेरच्या ‘पॅक’वर आहे.

२००९ साली फिफामध्ये ‘अल्टिमेट टीम’ आली. संघ बांधायचा तर खेळाडूंचे पॅक उघडायचे. ते खेळून कमावलेल्या नाण्यांवर मिळतात, तसे खऱ्या पैशांवरही. आत कोण आहे ते आधी कळत नाही. मोठा खेळाडू निघणार असेल तर आधी देशाचा झेंडा दिसतो, मग क्लब, आणि शेवटी चेहरा.

ही वाट पाहणं मेंदूला का धरून ठेवतं? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचे, म्हणजे बक्षिसाशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या पेशींचे, संदेश मोजले. अचानक फळांचा रस मिळाला की पेशी जोरात चेतत. रसाआधी दर वेळी खूण दाखवली, तर काही काळानं त्या खुणेलाच चेतू लागत, रसाला नाही. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या थंड पडत. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत; जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करतात. खात्रीच्या बक्षिसात ही वजाबाकी शून्य होते. पॅकमध्ये ती शून्यावर टिकतच नाही. पुढे २००३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: रस मिळण्याची शक्यता निम्मी ठेवली, की खूण आणि रस यांच्या मधल्या वेळात पेशींची चेतना चढत जाते. झेंड्यापासून चेहऱ्यापर्यंतचा वेळ मला याच जातीचा वाटतो.

‘अमुक वेळी उघडलं की भारी खेळाडू निघतो’ ही मुलांची श्रद्धा निव्वळ अंधश्रद्धा आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगात दाणे आपोआप पडत असतानाही, जणू फिरल्यामुळेच ते पडतात असं, एक कबुतर गोल फिरू लागलं होतं. शक्यता १ टक्का असेल, तर प्रत्येकी १०० पॅक उघडणाऱ्या १०० मुलांपैकी साधारण ३७ जणांना तो खेळाडू मिळणारच नाही. हे गणित मुलासोबत कागदावर मांडा. पॅकची शक्यता गेममध्ये दिलेली असते.

बेल्जियमच्या नियामकानं २०१८ मध्ये अशा विकत घ्यायच्या पॅकना जुगार ठरवलं. इतरत्र खरेदीला पासवर्ड लावणं पालकांच्याच हातात आहे.

वेळेचं मात्र जरा समजून घ्या. ऑनलाइन सामना मध्येच सोडला तर हार नोंदली जाते. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असं ओरडण्यापेक्षा ‘हा सामना झाला की बंद’ असं सुरुवातीलाच ठरवा.