पीडित महिलांसाठीच्या सेवांवरील शासकीय देखरेख

कौटुंबिक हिंसाचार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या महिलांना समुपदेशन, निवारा, औषधोपचार, कायदेशीर साहाय्य आणि नुकसानभरपाई देणाऱ्या संस्था व अधिकारी आपले काम नीट करतात की नाही, हे शासनाने तपासत राहण्याची व्यवस्था. भारतात ही जबाबदारी एका खात्याकडे नाही. महिला व बालविकास, गृह आणि आरोग्य हे विभाग, विधी सेवा प्राधिकरणे, महिला आयोग आणि दंडाधिकारी न्यायालये यांच्यात ती वाटली गेली आहे. लक्ष ठेवणारे पुष्कळ आहेत. पण एखादी बाई पहिल्यांदा मदत मागायला आली तेव्हापासून तिचा प्रश्न मिटेपर्यंत तिच्या बाबतीत काय काय झाले, हे सांगू शकेल असे कार्यालय एकही नाही. या व्यवस्थेचे बहुतेक दोष इथूनच सुरू होतात.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात अशा सेवा शासनाच्या कितीतरी आधी समाजसुधारकांनी उभ्या केल्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) ही त्यांतील ठळक नावे. त्यांचा हिशेब देणगीदारांपुढे आणि कार्यकारी मंडळापुढे ठेवला जाई. सरकारचा त्यात फारसा संबंध नसे. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये अनाथालये व इतर धर्मादाय गृहांवरील देखरेखीचा केंद्रीय कायदा झाला. निराधार स्त्रियांची गृहेही त्याच्या कक्षेत आली आणि मान्यतेचे प्रमाणपत्र व नियंत्रण मंडळ या दोन्हींची तरतूद झाली.

पीडित स्त्री ही निराधार नव्हे तर हक्क असलेली व्यक्ती आहे, हा विचार कायद्यात उशिरा आला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचे प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरवले आणि त्यावरून देशभर आंदोलन पेटले. १९८३ मधील फौजदारी कायद्यातील बदल हे त्याचे फलित. पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती बसवायची, ही त्यामागची कल्पना होती. ती पुढे राज्य शासनाने उचलली.

संरक्षण अधिकारी

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यातील मध्यवर्ती पद संरक्षण अधिकाऱ्याचे. नेमणूक राज्य शासन करते. कामावर ताबा व देखरेख मात्र कलम ९ नुसार दंडाधिकाऱ्यांची. म्हणजे पगार, बदली आणि रजा एका दारी, तर कामाचा जाब दुसऱ्या दारी. संरक्षण आदेशात (हिंसा करण्यास मनाई करणाऱ्या आदेशात) दंडाधिकाऱ्यांनी नेमून दिलेले काम पुरेशा कारणाशिवाय न केल्यास कलम ३३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण लगतच्याच कलमानुसार असा खटला राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय चालवता येत नाही. ज्याने नेमले त्याचीच परवानगी लागत असल्याने या शिक्षेचा धाक कागदावरच राहिला.

नियमांप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला समाजकार्याचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा, कार्यकाळ किमान ३ वर्षांचा हवा आणि शक्यतो ती महिला असावी. प्रत्यक्षात बऱ्याच राज्यांनी, महाराष्ट्रानेही, सुरुवातीला हे काम दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले. आढाव्याच्या तक्त्यात पद भरलेले दिसते आणि बाई मात्र ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे ऐकून परत जाते. आढावा घेणाऱ्याने पदे मोजली, त्या पदावरच्या माणसाचे किती तास या कामाला मिळतात हे मोजले नाही, तर अहवाल स्वच्छच येणार.

या अधिकाऱ्याच्या कामाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, रोजच्या बोलीत ‘डीआयआर’. त्याचा नमुना नियमांतच दिलेला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चार मुख्य भाग; प्रत्येकात खुणा करायच्या बाबी. हुंडा आणला नाही म्हणून अपमान, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, चारित्र्यावर संशय, घराबाहेर पडू न देणे, विशिष्ट माणसाला भेटायला मनाई, आत्महत्येची धमकी, अन्न-कपडे-औषधांना पैसे न देणे, नोकरी करू न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे. मारहाणीखेरीज इतक्या गोष्टींना हिंसा म्हणणारा सरकारी कागद त्याआधी या देशात क्वचितच निघाला असेल. अहवालाची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे आणि संबंधित पोलीस ठाण्याकडे जाते, पीडितेला ती विनामूल्य मिळते. खुणा घाईघाईने केलेल्या असतील, आर्थिक भाग कोरा सोडलेला असेल, तर अर्जातील पोटगीची मागणी तिथेच लंगडी पडते. त्यामुळे दर्जा तपासायचा तर या अहवालांची नमुना-पाहणी करणे हा सोपा मार्ग आहे. पण मासिक विवरणपत्रात विचारली जाते ती त्यांची फक्त संख्या.

न्यायालयाच्या वेळापत्रकावरही कायद्यात बंधन आहे. अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे ३ दिवसांत ठेवायची आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. हे क्वचित पाळले जाते, हे कुठल्याही तालुका न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या वकिलाला विचारावे.

सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी

कलम १० नुसार स्वयंसेवी संस्थेला ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करता येते. तिला घटना अहवाल नोंदवण्याचा, पीडितेची वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा आणि तिला निवारागृहात पोचवण्याचा अधिकार मिळतो. अर्जाआधी किमान ३ वर्षे अशी सेवा दिलेली असावी लागते. निवारागृहासाठी अर्ज असेल तर जागा, सुरक्षितता आणि चालू दूरध्वनी आहे का हे प्रत्यक्ष पाहून मगच मान्यता द्यायची आहे. दाराशी चाळणी आहे, आत गेल्यावर मात्र ती विरळ होत जाते. नोंदणी झालेल्या संस्थेची पुढे दर वर्षी कोणी, कशी झडती घ्यायची याबद्दल नियम मोघम आहेत.

सखी केंद्रे

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही योजना आली. पहिले केंद्र जुलै २०१५ मध्ये रायपूर येथे उघडले. आज देशात ८०० हून अधिक केंद्रे आहेत. पोलीस मदत, उपचार, समुपदेशन, वकील आणि ५ दिवसांपर्यंतचा तात्पुरता निवारा हे सारे एका छपराखाली मिळावे, अशी रचना आहे. १८१ ही हेल्पलाइन तिला जोडलेली असते. २०२२ पासून ही केंद्रे ‘मिशन शक्ती’च्या ‘संबल’ भागात मोडतात, तर स्वाधार गृह (निराधार स्त्रियांसाठी) व उज्ज्वला (मानवी तस्करीतील पीडितांसाठी) या जुन्या योजना एकत्र होऊन ‘शक्ती सदन’ झाल्या आहेत.

केंद्राच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव सदस्य असतात. वजनदार समिती आहे, यात शंका नाही. पण जी समिती केंद्र चालवते तीच जिल्हा पातळीवर त्याचा आढावाही घेते. केंद्रातील कर्मचारी बहुधा कंत्राटी व मानधनावर असतात, निधीचा हप्ता लांबला की मानधन थकते, आणि अनुभवी केस वर्कर सोडून गेली की तिने सांभाळलेल्या बायकांचा धागाही तुटतो. तपासणीत याची नोंद ‘१ पद रिक्त’ एवढीच होते.

किती बायका आल्या या आकड्यावर केंद्राचे यश ठरवण्याची पद्धतही तोकडी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील, कधी ना कधी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र १४ टक्केच, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरच्या किंवा घरच्या माणसांकडे मागितली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालातही २००५ च्या कायद्याखालील आकडा लहान दिसतो. तिथे गुन्हा मोजला जातो, आणि या कायद्यात मुख्यतः संरक्षण आदेशाचा भंग हाच गुन्हा आहे; दिवाणी स्वरूपाचे अर्ज त्या तक्त्यात येतच नाहीत.

रुग्णालये

लैंगिक अत्याचारपीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांना २०१३ पासून बंधनकारक आहे. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे आणि नकार दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तपासणीसाठी तिची संमती लागते.

या क्षेत्रातील सुधारणेत विदर्भाचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी अत्याचारपीडितांच्या तपासणीचा दर्जा किती ढासळलेला आहे याचा अभ्यास मांडला, त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०१० मध्ये जनहित याचिका उभी राहिली आणि राज्याने तपासणीची एकसारखी पद्धत ठरवली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये आली. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटे घालून स्त्री शरीरसंबंधांना सरावलेली आहे का हे ठरवण्याची पद्धत, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गैर ठरवली होती. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये तीच गोष्ट पुन्हा, अधिक कडक शब्दांत, सांगावी लागली. आदेश आणि तपासणीची खोली यांत नऊ वर्षे निघून गेली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या तथाकथित लक्षणांचा भाग अभ्यासक्रमातून काढला, हे पाऊल कित्येक परिपत्रकांपेक्षा खोल गेले असावे.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र वेगळ्या वाटेने गेले. पडले, भाजले, औषध चुकून घेतले असे सांगणाऱ्या बाईला बाह्यरुग्ण विभागातच ओळखायचे आणि समुपदेशकाकडे न्यायचे, हे त्यासाठी परिचारिकांना शिकवले गेले. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

निवारागृहे

देखरेखीचे सर्वांत भीषण अपयश निवाऱ्यात दिसले. बिहार सरकारने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाकडून राज्यातील गृहांचे सामाजिक लेखापरीक्षण करवले. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील लैंगिक छळ त्या अहवालामुळे २०१८ मध्ये उघड झाला. तोपर्यंत तिथे सरकारी भेटी होतच होत्या. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. त्यांत जिल्हा बाल संरक्षण यंत्रणेचे अधिकारी आणि बालकल्याण समितीचे पदाधिकारीही होते. कुंपणानेच शेत खाल्ले होते. नेहमीच्या तपासणीत अधिकारी संचालकांच्या कचेरीत बसून नोंदवह्या चाळतात. लेखापरीक्षकांनी मुलींशी बोलायला वेळ दिला. फरक एवढाच होता. ते गृह मुलींचे असले तरी महिलांच्या राज्यगृहांना आणि निवारागृहांना हाच धडा लागू पडतो.

राष्ट्रीय महिला आयोगाला (१९९२) महिलांना ठेवलेल्या संस्थांची पाहणी करण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्र राज्य महिला आयोग १९९३ पासून काम करतो. चौकशीत त्यांना साक्षीदाराला बोलावता येते, कागदपत्रे मागवता येतात. शिफारशी मात्र बंधनकारक नसतात.

नुकसानभरपाई

महाराष्ट्राची मनोधैर्य योजना ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना आधी २ ते ३ लाख रुपये मिळत. गोव्यात १० लाखांपर्यंत रक्कम मिळत असताना महाराष्ट्रात इतकी कमी का, असा प्रश्न उच्च न्यायालयात निघाला. २०१७ च्या अखेरीस कमाल रक्कम १० लाखांवर गेली आणि निर्णयाचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. हा बदल आकड्याइतकाच महत्त्वाचा होता, कारण पैसे मंजूर करणारा आता महसूल यंत्रणेबाहेरचा झाला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची देशव्यापी योजना २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तीत बलात्कारपीडितेसाठी ४ ते ७ लाख रुपयांची मर्यादा आहे.

गोपनीयता आणि न्यायालये

तपासणीला कागद लागतात आणि पीडितेचे नाव उघड करणे गुन्हा आहे. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम आणखी घट्ट केला. तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापू नये, असे बजावले. प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात किमान एक वन स्टॉप केंद्र उघडण्यासही त्याच निकालात सांगितले. गोपनीयतेची ही सबब कधीकधी सोयीस्कर ठरते. नावे झाकून वेळ, विलंब आणि निष्पत्ती यांचे आकडे सहज देता येतात, तरी तेही रोखले जातात.

खात्यांनी एकमेकांना खो दिल्यामुळे खरी देखरेख न्यायालयांकडे सरकत गेली. ‘वी द विमेन ऑफ इंडिया’ या संस्थेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांतील संरक्षण अधिकाऱ्यांची स्थिती तपासली. २० मे २०२५ च्या आदेशाने महिला व बालविकास विभागातील अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून सहा आठवड्यांत नेमण्यास राज्यांना सांगितले. सेवा पुरवठादार व निवारागृहे निश्चित करणे, कायद्याची प्रसिद्धी करणे आणि मोफत विधी साहाय्याची माहिती पोचवणे हेही त्यात होते. यांतील बहुतेक कामे २००५ च्या कायद्यातच लिहिलेली आहेत.